अंक पहिला, तुकडी ब

दिंडोरीत बाईंच्या नाटकाला शिट्टी पडत नाही. याचं श्रेय प्रेक्षकांच्या अभिरुचीला द्यायला मला आवडलं असतं. पण खरं कारण असं की समोर बसलेल्यांतल्या निम्म्या लोकांना बाईंनी कधी ना कधी बाकावर उभं केलेलं आहे. मागच्या रांगेत एखाद्याची दोन बोटं तोंडाकडे जातात आणि नेमकी तेव्हाच बाईंची नजर त्या बाजूला वळते. नाटकात त्या परगावी गेलेल्या मुलाची वाट बघत असतात, नजर त्यासाठीच वळलेली असते. पण चार एकर थॉमसन द्राक्षांचा मालक आणि सोसायटीचा माजी चेअरमन असलेला तो गृहस्थ बोटं खाली घेतो, पाठ ताठ करतो आणि शेजारच्याला हळूच विचारतो, "पाहिलं का रे बाईंनी?" टाळ्यासुद्धा आमच्याकडे पहिलीतल्या पद्धतीने पडतात. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक.

बाईंचं नाव सांगत नाही. सांगितलं तर त्या आधी या लेखातलं शुद्धलेखन तपासतील आणि मग रागावतील. शिवाय ही एकच बाई नाही. दिंडोरी, वणी, मोहाडी, जानोरी, लखमापूर या पट्ट्यात दिवसा फळा आणि रात्री तालीम असा संसार केलेल्या ज्या बाया पाहिल्या-ऐकल्या, त्यांच्यातून ही एक बाई बेतली आहे. एकीचा आवाज, दुसरीची छडी, तिसरीची स्कूटी. मूळ मालकिणींनी आपापला भाग ओळखून घ्यावा, परत मागू नये.

"शाळा सांभाळून नाटक कसं जमतं हो तुम्हाला?" हा प्रश्न बाईंना सत्काराच्या प्रत्येक कार्यक्रमात विचारला जातो आणि त्या प्रत्येक वेळी गोड हसून "जमवायचं" म्हणतात. खासगीत मात्र त्यांचं मत निराळं आहे. "नाटकात कसलं आलंय जमवायचं? तीन तासांत संपतं, मध्यंतराला वडा मिळतो, विंगेत प्रॉम्प्टर असतो. वर्गात कोण असतो प्रॉम्प्टर?" मुद्दा बिनतोड आहे. शाळेचा प्रयोग सकाळी प्रार्थनेला सुरू होतो, त्याला पडदा नाही, आणि प्रेक्षकांनी तिकीट काढलेलं नसून त्यांना पालकांनी आणून सोडलेलं असतं. तिसऱ्या रांगेतला झोपतो. पाचव्या रांगेतला लघवीला जायची परवानगी नेमकी त्या वाक्याला मागतो, ज्यासाठी बाईंनी अर्धा तास वातावरण तापवत आणलेलं असतं. दर जूनला तेच पुस्तक, तेच धडे. फक्त समोरची माणसं बदलतात. व्यावसायिक नट पाचशेव्या प्रयोगाला सत्कार करून घेतो. बाईंचा 'अफझलखानाचा वध' हजाराच्या पुढे गेला असेल. सत्कार सोडा, त्या दिवशी खिचडीत तांदूळ किती टाकले याचा हिशेब त्यांना द्यावा लागला.

हा चौथीच्या इतिहासातला धडा बाईंनी ज्याला शिकवला तो माणूस तो विसरत नाही. बाई टेबल बाजूला सरकवून शामियान्याची जागा करत. वर्गातला सगळ्यात थोराड मुलगा खान. महाराजांची भूमिका मात्र बाई कोणालाच देत नसत. ती स्वतः बोलून दाखवत, पदर खोचून, डस्टर हातात घेऊन. पुढे काय होणार हे पुस्तकात छापलेलं असूनही वर्ग श्वास रोखून बसे. एका तुकडीतल्या थोराड मुलाला गाव आजही 'खान' म्हणतं. त्याच्या लग्नपत्रिकेवर मित्रांनी 'ऊर्फ खान' छापायला दिलं होतं. प्रेसवाला बाईंचाच विद्यार्थी निघाला, त्याने प्रूफ त्यांना दाखवलं, म्हणून अनर्थ टळला.

मराठी रंगभूमीला राजेरजवाड्यांनी आश्रय दिला असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. ते खरं आहेच. पण माझा आपला एक आगाऊ सिद्धांत आहे की याहून मोठा आश्रय शिक्षण खात्याने दिला, तोही खात्याला पत्ता न लागता. अण्णासाहेब किर्लोस्कर काही काळ बेळगावात मास्तर होते. गोविंद बल्लाळ देवल तिथलेच त्यांचे विद्यार्थी, आणि पुढे तेही मास्तर. म्हणजे 1899 साली आलेलं 'संगीत शारदा' हे एका मास्तरांच्या हाताखाली तयार झालेल्या दुसऱ्या मास्तरांचं काम. हेच 'शारदा' नाशिकच्या विजयानंद थिएटरात 21 डिसेंबर 1909 च्या रात्री लागलं होतं आणि कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी तिथेच गोळ्या झाडल्या. आमच्या जिल्ह्याचा इतिहाससुद्धा नाटकाला गेलेला असताना घडलेला आहे. वसंत कानेटकर नाशिकच्या कॉलेजात प्राध्यापकी करत होते, त्या काळात 1962 साली 'रायगडाला जेव्हा जाग येते' आलं. पेपर तपासून झाल्यावर उरलेल्या वेळात माणूस एवढं लिहू शकतो, हे वाचून मला त्यांच्या विद्यार्थ्यांच्या गुणांची काळजी वाटते.

आणि 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत मास्तर होते; पुस्तक लिहिलं ते मात्र नाशिकच्या तुरुंगात, 9 ते 13 फेब्रुवारी 1933 एवढ्या दिवसांत. आम्हाला 'माझी आई' हा निबंध लिहायला याहून जास्त वेळ लागायचा आणि तोही मोठ्या बहिणीच्या वहीतून उतरवलेला असायचा. त्या पुस्तकावर सिनेमा काढला आचार्य अत्र्यांनी. तेही पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे हेडमास्तर राहिलेले. सिनेमात आई झालेल्या वनमालाबाई, 'सिकंदर'मध्ये सोहराब मोदींबरोबर झळकण्याआधी, पुण्यात शाळेत शिकवत होत्या. श्याम झालेले माधव वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले. लिहिणारा मास्तर, काढणारा हेडमास्तर, आई शिक्षिका, मुलगा भावी प्राध्यापक! 1954 साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या सिनेमाला मिळालं, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. पूर्ण स्टाफरूम कामाला लागल्यावर शंभर टक्के निकाल लागणारच.

पण बाईंचं दैवत या सगळ्यांत नाही. त्यांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला, जिथे इतर बायका साईबाबा लावतात तिथे, सुलभा देशपांड्यांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो आहे. सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. शाळेतल्या मुलांची नाटकं बसवायची म्हणून त्यांनी चांगला लेखक गाठला. त्या लेखकाचं नाव विजय तेंडुलकर. आमच्याकडे गॅदरिंगला नाटुकली ग्रामसेवकाचा मेव्हणा लिहून देतो, त्यामुळे हा प्रसंग सांगताना बाईंचा आवाज नेहमी जरा हेव्याने भरून येतो. पुढे 'रंगायन'ने 1967 साली 'शांतता! कोर्ट चालू आहे' केलं, अरविंद देशपांड्यांनी बसवलं, आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभाताई उभ्या राहिल्या. ही बेणारे कोण? शाळेतली शिक्षिका, आणि हौशी नाटकमंडळीतली नटी. म्हणजे नाटकाची हौस असलेली शिक्षिका, नाटकाची हौस असलेल्या शिक्षिकेचं काम करत होती. 1971 मध्ये सत्यदेव दुब्यांनी त्याचा सिनेमा केला, तेव्हाही बेणारे त्याच.

त्याच वर्षी 'आविष्कार' ही संस्था निघाली आणि 1974 पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं व्हायला लागली. हा सगळा इतिहास अभ्यासक 'छबिलदास चळवळ' म्हणून गंभीरपणे सांगतात. बाई तो वेगळा सांगतात: "शाळेचा हॉल रिकामा होता, बाईंना ठाऊक होतं, संपलं." शाळेत कोणती खोली कधी रिकामी असते, किल्ली कोणत्या शिपायाकडे असते आणि तो शिपाई कशाने खूश होतो, एवढं ज्ञान असलं की चळवळ उभी राहायला फारसं काही लागत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. मुलांच्या नाटकांसाठी सुलभाताईंनी 'चंद्रशाला' चालवली, त्यातून 'दुर्गा झाली गौरी' आलं. 1987 ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. नव्या पिढीला त्या 'चौकट राजा'तली नंदूची आई म्हणून आठवतात, त्याहून नव्या पिढीला 'इंग्लिश विंग्लिश'मधली सासू म्हणून. सून इंग्रजीच्या क्लासला जाते आणि जिने जन्मभर मुलं घडवली ती घरी सासू होऊन बसलेली! हा सिनेमा बघताना बाई थेटरात मोठ्यांदा म्हणाल्या होत्या, "हिलाच विचार की गं, शिकवेल ती."

तर ते 'शांतता! कोर्ट' दिंडोरीत करावं असं आमच्या नाट्यमंडळाच्या मनात आलं. नाटकाची सुरुवातच अशी की नाटकमंडळी एका गावात येते आणि हॉलच्या कडीत बेणारेचं बोट चेमटतं. आमच्याकडच्या हॉलच्या कड्या बघता या भागाला तालमीची गरज नव्हती. बाईंनी संहिता एका रात्रीत वाचली, दुसऱ्या दिवशी वहीला घालतात तसं खाकी कव्हर घालून परत दिली आणि म्हणाल्या, "नाटक मोठं आहे. मी करीन. पण सोमवारची पालकसभा मग तुम्ही घ्यायची."

शहरात नट भूमिका करतो, मेकअप पुसतो, रिक्षात बसतो, सुटतो. इथे भूमिका पुसली जात नाही. बाईंनी एका नाटकात नवऱ्याला छळणारी बायको केली. दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांच्या मिस्टरांना भाजीवालीने न मागता कोथिंबिरीची जुडी जास्त घातली. पोस्टातल्या साहेबांनी रजा हवी का विचारलं. मिस्टर मुळात अबोल. नाटकाआधीही अबोल होते, पण आता त्या अबोलपणाला कारण सापडलं. त्यांनी खुलासा केला असता तर कोथिंबीर बंद झाली असती, म्हणून तेही गप्प राहिले असावेत. पुढच्या नाटकात बाई विधवा झाल्या. तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी, ज्या नाटक बघायला कधीच येत नसत, दिग्दर्शकाला घरी बोलावून घेतलं. "सवाष्ण बाईला पांढऱ्या लुगड्यात उभी करता, लाज नाही वाटत?" तोडगा असा निघाला की कपाळ मोकळं, पण मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. तिसऱ्या अंकात हंबरडा फोडताना ते बाहेर आलं. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी मोठ्याने सांगितलं, "आत घाल गं बाई, दिसतंय." बाईंनी हंबरडा न थांबवता आत घातलं. मी आजवर पाहिलेल्या अभिनयात तो क्षण फार वरचा आहे.

बेणारेचं प्रकरण याहून अवघड होतं. त्या नाटकात शिक्षिकेवर खोटा-खोटा खटला चालवता चालवता तिच्या खऱ्या आयुष्याची लक्तरं काढली जातात आणि शाळेची नोकरीही जायची वेळ येते. गावातला प्रत्येक जण प्रयोगाला येऊन घरी जाताना काय काय बोलला असता, हे तेंडुलकरांनी आधीच लिहून ठेवलेलं आहे. फक्त ते पात्रांच्या तोंडी घातलंय. बाईंनी तरीही तालीम सुरू केली. प्रयोग झाला नाही तो समाजामुळे नाही. डाऊनीमुळे.

हे समजायला द्राक्षाचं वेळापत्रक माहीत असावं लागतं. आमच्याकडे बागेची फळछाटणी दसऱ्याच्या मागेपुढे होते. त्यानंतरचे दोन महिने पोंग्यापासून मण्यापर्यंत बाग तान्ह्या मुलाएवढी लाडाची असते. पाऊस आला, धुकं पडलं, दव जास्त झालं, की डाऊनी ही बुरशी येते आणि वर्षाचं उत्पन्न घेऊन जाते. मग माणूस रात्री बारालासुद्धा ब्लोअर घेऊन बागेत. आणि राज्य नाट्य स्पर्धा कधी असते? नोव्हेंबर-डिसेंबरात. हे वेळापत्रक मुंबईत ठरतं. तिथे गच्चीवर कुंडीत तुळस असते, तिला डाऊनी होत नाही.

त्यामुळे आमच्या तालमीत नायक असतो तेव्हा खलनायक औषध मारायला गेलेला असतो आणि खलनायक असतो तेव्हा आभाळ आलेलं असतं. नायिका एकटी. बाई समोरच्या रिकाम्या खुर्चीशी प्रेमाने बोलतात, खुर्चीच्या वतीने स्वतःच उत्तर देतात, आणि खुर्चीचं पाठांतर नायकापेक्षा चांगलं असल्याचं नमूद करतात. एका वर्षी नायक थेट बागेतून स्पर्धेला आला. बोर्डोचं मिश्रण केल्याने त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. मोरचूद साबणाने जात नाही, रॉकेलने जात नाही, नाट्यशास्त्राने तर नाहीच. परीक्षकांनी चर्चेच्या वेळी त्या निळ्या हातांचं विशेष कौतुक केलं. नायकाच्या मनातलं विष दिग्दर्शकाने रंगातून सूचित केलंय, असं त्यांचं म्हणणं पडलं. दिग्दर्शकाने मान खाली घालून विनयाने ते स्वीकारलं. बाई मात्र राहवेना म्हणून म्हणाल्या, "एक टक्क्याचं मिश्रण आहे ते, सर."

खलनायकाचं काम एकदा एका द्राक्षव्यापाऱ्याने स्वतःहून मागून घेतलं. कंपू खूश. आवाज दणदणीत, मिशी स्वतःची, जीपही स्वतःची. पण तो पहिल्या प्रवेशात "मी परत आलोय!" असं गरजत आला, तेव्हा प्रेक्षकांतून तिघे जण एकदम उठले आणि मागच्या सीझनचं पेमेंट विचारू लागले. बाईंनी प्रसंग सावरला. त्या संहितेत नसताना विंगेतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "खाली बसा. मध्यंतरात विचारा." बसले. मध्यंतरात व्यापारी सापडला नाही. दुसऱ्या अंकात खलनायकाचा मृत्यू झाल्याची बातमी पत्राने आली. ते पत्र बाईंनी तिथल्या तिथे रचून वाचलं, मायन्यासकट.

स्पर्धेचा प्रयोग नाशिकला 'पसा'ला, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात. अंतर पंचवीस-एक किलोमीटर. सेट टेम्पोत, बाई टेम्पोच्या केबिनमध्ये, मांडीवर सहामाहीच्या उत्तरपत्रिका. वाटेत आशेवाडीला रामशेज किल्ला दिसतो. त्या किल्ल्याने 1682 पासून पुढे काही वर्षं औरंगजेबाच्या फौजेला दाद दिली नाही, हे बाई टेम्पो ड्रायव्हरला दर वर्षी सांगतात; तो दर वर्षी "हो बाई" म्हणतो, कारण त्यालाही त्यांनीच शिकवलंय आणि त्यावरचा प्रश्न त्याने ऑप्शनला टाकला होता. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तेही बाईच मिळवतात. नाटक परिपूर्ण आहे का नाही ते परीक्षक ठरवतील. कागदपत्रं परिपूर्ण असतात. आपल्याकडे कलेचा अर्धा जीव फायलीत असतो हे शाळेत काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

स्पर्धेत बाईंना अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. एकाहून जास्त वेळा मिळालं. ते त्यांनी शाळेत दाखवलं तेव्हा, सेवापुस्तकात याची नोंद कोणत्या रकान्यात करायची यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी 'इतर' हा रकाना भरलेला असल्याने विषय मिटला.

बाईंना हे वेड कुठून लागलं? त्यांच्यातल्या एकीचं माहेर ननाशीच्या पुढे, पेठ-सुरगाण्याच्या अंगाला. तिकडे बोहाडा असतो. संबळ आणि सूर लागला की गणपती येतो, सरस्वती येते, मग रात्रभर एकेक सोंग. रावण, नरसिंह, वेताळ, त्राटिका. जड मुखवटे, मशालींचा उजेड, आणि लुगडं नेसून त्राटिका होतो तो मिशीवाला काका. लहान मुलीने विचारलं, "बाईचं सोंग आहे तर बाई का घेत नाही?" उत्तर मिळालं, "मुखवटा जड असतो." पुढे तिने हंडे वाहिले, पाटावरून दप्तरासकट धाकट्या भावाला कडेवर नेलं, शाळेत दहा-दहा किलोचे वह्यांचे गठ्ठे उचलले, तेव्हा या उत्तराचा तिने पुष्कळ विचार केला. शहरातही बाईचं काम बाईने करणं फार आधीचं नाही म्हणा. 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' 1933 साली केलं, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक उभ्या राहिल्या, ही मोठी बातमी होती. त्याआधी मराठी रंगभूमीवरची आदर्श स्त्री बहुतेक पुरुषच असायचा, आणि पदर कसा घ्यावा ते बायका त्याच्याकडून शिकायच्या.

शिक्षकाला हल्ली शिकवण्याखेरीज सगळी कामं असतात. त्यांची यादी देत नाही, यादी करणं हेही त्यातलंच एक काम आहे. पण निवडणुकीचं सांगायलाच हवं. दिंडोरी लोकसभा मतदारसंघात बाईंना केंद्राध्यक्ष म्हणून अनेकदा नेमणूक आली. पहाटे, मतदान सुरू होण्याआधी, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर किमान पन्नास मतं टाकून दाखवायची असतात. अभिरूप मतदान. मग ती मतं पुसायची, यंत्र मोकळं झाल्याचं दाखवायचं, सील लावायचं. बेणारेवर चालतो तो खटला अभिरूप, हे मतदानही अभिरूप. बाईंच्या दृष्टीने ही पडदा उघडण्यापूर्वीची तालीम आणि ती त्या तशीच घेत. "मोठ्याने बोला. पाठ प्रेक्षकांकडे नको. पुढचा." एका प्रतिनिधीने डुलकी काढली तर त्याला उभं केलं. निवडणूक निरीक्षक येऊन गेले, त्यांनी शेरा लिहिला की या केंद्रावर शिस्त उल्लेखनीय आहे. रांगेतली माणसं उंचीप्रमाणे उभी होती, हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही कळायला मार्ग नाही.

मंडळाने एकदा 'नटसम्राट' करायचं ठरवलं. शिरवाडकर नाशिकचे म्हणजे घरचे. 1970 पासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याने एकदा तरी ते करून बघितलंय. बाईंना नायकाच्या बायकोची, कावेरीची भूमिका दिली. तालमीत पहिल्याच दिवशी अडलं. नायक बेलवलकर घरदार, पैसा मुलांच्या नावावर करून मोकळे होतात, त्या जागी कावेरीने गप्प राहायचं असतं. बाईंना गप्प बसवेना. "अहो, हयात असताना कोणी वाटतं का? नॉमिनी करा ना. भविष्यनिर्वाह निधीचा फॉर्म असतो तसा." दिग्दर्शक म्हणाला, बाई, ही शोकांतिका आहे. बाई म्हणाल्या, "तेच म्हणते मी, टाळता येण्यासारखी आहे." नायक कावेरीला 'सरकार' म्हणतो हे मात्र त्यांना मनापासून आवडलं. तीस वर्षं सरकारची नोकरी केल्यावर कोणीतरी आपल्यालाच सरकार म्हणतंय!

अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि बाई निवृत्त झाल्या. सेवापूर्तीच्या समारंभात प्रत्येक वक्त्याने बाईंनी आपल्याला कशी कुठे छडी मारली ते अभिमानाने सांगितलं. ज्यांना मारली नव्हती त्यांनी बनवून सांगितलं. एका वक्त्याला पुढचं आठवेना, तेव्हा सत्कारमूर्तींनीच खालच्या आवाजात त्याला पुढचं वाक्य पुरवलं. त्या वाक्यात 'त्यागमूर्ती' हा शब्द होता.

निवृत्तीनंतर त्यांच्याकडे आजीच्या भूमिका यायला लागल्या. आजी दुसऱ्या अंकात जाते, असा मराठी नाटककारांचा एक दंडक आहे. बाई दर नोव्हेंबरला 'पसा'ला मरू लागल्या. आणि नोव्हेंबरातच पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. स्पर्धेनंतर दोनच दिवसांनी बाई बँकेत गेल्या. खिडकीत बसलेला मुलगा त्यांचाच. तुकडी ब, पाढे कच्चे. त्याने फॉर्म घेतला, चष्म्यावरून वर पाहिलं आणि हात थांबला.

"बाई, परवा मी आणि मिसेस आलो होतो नाटकाला."

"मग?"

"नाही... तुम्ही गेलात तेव्हा मिसेस फार रडली. मी पण. आता हे 'समक्ष हयात पाहिले' लिहायचं म्हणजे..."

"लिही. आणि 'हयातिचा' लिहिलंयस वर. ती दीर्घ."